हात आत

मामांच्या हाताला दहा बोटं होती. यात सांगण्यासारखं काय आहे, असं ज्याला वाटेल त्याने रबाळ्यातलं पत्रा कापायचं एकही प्रेस शॉप आतून पाहिलेलं नाही, असं मी खुशाल समजेन. एकतीस वर्षं पॉवर प्रेसवर काढलेल्या माणसाची दहाच्या दहा बोटं जागेवर असणं, ही आमच्याकडे मुद्दाम बघायला जाण्यासारखी गोष्ट होती. नवीन माणूस कामाला लागला की जुने लोक पहिल्या दिवशी त्याला कॅन्टीन दाखवायचे, संडास दाखवायचे आणि मग चार नंबरच्या प्रेसपाशी नेऊन म्हणायचे, "हे मामा. हात बघ त्यांचे."

मामा मान वर करायचे नाहीत. मशीन चालू असताना ते कुणाशी बोलत नसत. बायको गेटवर आलीय असा निरोप आला तरी हातातली पट्टी संपल्याशिवाय "कोन?" असं विचारत नसत. पट्टी संपली, मशीन थांबलं, की मग वळून त्या नव्या माणसाकडे बघायचे आणि पहिलाच प्रश्न करायचे, "अंगठी हाय का हातात? काड." लग्नाची असो, साखरपुड्याची असो, ती तिथल्या तिथे काढायला लावायचे. स्वतःच्या हातात त्यांनी कधी घड्याळसुद्धा घातलं नाही. नारळी पौर्णिमेला तिघी बहिणी राख्या बांधायच्या. मामा त्या घेऊन कौतुकाने गेटपर्यंत यायचे, तिथे सोडवून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि सुटीच्या वेळी वॉचमनकडून पुन्हा मनगटावर बांधून घेऊन घरी जायचे.

ते रबाळे गावातलेच. कारखाने नंतर आले, मामांचं घर आधीपासून होतं. वडील मिठागरात राबलेले. पुढे जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, भावांनी त्यावर तीन मजले चढवले, खोल्या भाड्याने गेल्या. आमच्यापैकी निम्मे लोक मामांच्या नाहीतर मामांच्या चुलत्यांच्या खोल्यांतच राहणारे. मी तुर्भ्याहून यायचो, वडील मराठवाड्यातून आलेले, आम्हाला स्वतःच्या घराचं फार अप्रूप. एकदा मी विचारलंही, "मामा, एवढं घरदार असताना या लोखंडात कशाला मरता?" मामा हात पुसत म्हणाले, "घरी बसून हे हात काय करतील, बाला? माश्या मारतील?"

पॉवर प्रेसचं काम म्हटलं तर सोपं. पत्र्याची पट्टी खालच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये सरकवायची, पायाने पेडल दाबायचं. वरचं धूड खाली येतं, पत्रा कापतं आणि वर जातं. पुन्हा पट्टी, पुन्हा पेडल. अडचण होते ती कापलेला तुकडा आत अडकला की. त्यासाठी चिमटा असतो. चिमट्याने निघाला नाही तर मग हात. शॉपच्या भिंतीवर लाल अक्षरात मोठा बोर्ड होता, 'डायमध्ये हात घालू नये', आणि त्या बोर्डाखाली बसून आम्ही सगळे दिवसभर डायमध्ये हात घालत होतो. न घालून सांगता कुणाला? चिमट्याशी खेळत बसलं तर माल निघत नाही.

मामाही घालायचे, पण त्यांची रीत वेगळी होती. आधी मशीनची चावी फिरवून ती खिशात टाकायची. मग धुडाच्या खाली लाकडी ठोकळा उभा करायचा, म्हणजे काही बिघडून ते खाली आलंच तर ठोकळ्यावर अडेल. आणि मग हात आत. हा ठोकळा त्यांनी स्वतः बनवलेला. मिठागरावर भरतीचं पाणी अडवायची जी उघाडी असते तिच्या जुन्या फळीतून कापलेला. मिठाने पांढरट पडलेलं, दगडासारखं लाकूड. "बापानं दर्या आडवला हिच्यावर," मामा म्हणायचे, "आता ही माना वाचवते." माना म्हणजे मला, त्यांच्या बोलीत.

आणि सुटीच्या वेळी नळ. हात धुवायचा नळ शॉपच्या दाराशी होता. मामा सगळ्यांत आधी हात धुऊन तिथेच उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "हात दाखव." माणूस ओले हात पुढे करायचा. मामा डोळ्यांनीच मोजायचे. "दहा. जा घरी." याला कुणी हसायचं नाही. वाकडातिकडा, दारू पिऊन भांडणारा गडीसुद्धा नळाशी आला की शाळेतल्या पोरासारखे हात पुढे करायचा. ज्याचं एखादं बोट आधीच गेलेलं असेल त्याचा आकडा मामांना पाठ असे. "आठ. जा." माझ्या वेळी ते म्हणायचे, "साडेनऊ. जा."

माझं ते अर्धं बोट दोन नंबरच्या प्रेसवर गेलं. डाव्या हाताची तर्जनी. कामाला लागून सातच महिने झाले होते. मी चावी फिरवली नव्हती, ठोकळा ठेवला नव्हता, मामांनी सांगूनही. पाय पेडलवर होता आणि लक्ष जेवणाच्या भोंग्याकडे. सगळ्यात आधी मामा धावत आले. त्यांनी स्वतःच्या बनियनने माझा हात आवळला, मला रिक्षात घातलं, आणि परत जाऊन भंगाराच्या डब्यातून माझ्या बोटाचा तुकडा शोधून काढून हॉस्पिटलात घेऊन आले. तो काही जोडता आला नाही. पण पत्र्याच्या त्या ढिगात हात घालून माझा तुकडा शोधणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही.

पुढे तेच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. एरवी त्या दारात पाय न टाकणारा माणूस. म्हणाले, "हा पोरगा बारावी झालाय. ह्याला परत प्रेसवर बसवू नका, कम्प्युटर द्या." साहेबांना तेव्हा नोंदी ठेवायला माणूस हवाच होता. मी ऑफिसात आलो. एसी, खुर्ची, पांढरा शर्ट. लग्न जमलं ते या खुर्चीमुळे. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ते तुमच्या ध्यानात असावं.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक मशीनला एक टॅब्लेट. काम हातात घेतलं की 'स्टार्ट' दाबायचं, मध्ये थांबलं की 'पॉज', पुन्हा लागलं की 'रिझ्यूम', संपलं की 'फिनिश'. काम चालू असेल तर पट्टी हिरवी, थांबलं की पिवळी. पॉज दाबला की टॅब्लेट कारण विचारणार: चहा-जेवण, माल नाही, डाय बदल, मशीन दुरुस्ती, बाथरूम. शिवाय भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर सगळ्या मशीनच्या पट्ट्या, शेजारी माणसाचं नाव आणि थांबला असेल तर कारण. सगळ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. लोकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं की हा पिवळा रंग आपल्या भल्याचा नाही. चहाला गेले तरी पॉज दाबेनात.

मामांनी मात्र माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग टॅब्लेटवर सरकणाऱ्या सेकंदांवर बोट ठेवलं. "हा काय पलतंय?"

"वेळ मामा. काम किती वेळ चाललं ते मोजतंय."

मामांनी बोट मागे घेतलं. म्हणाले, "ह्याच्याकडं बघून हात घाई करतो. थांबवता येतो ना ह्याला?"

"येतो की. पण कारण द्यावं लागतं."

"वाच कारनं." मी पाची वाचली. मामा म्हणाले, "मंग हात आत घालायचा कारन कुटं हाय?"

मला हसू आलं. पण पासवर्ड माझ्याकडे होता आणि काम अर्ध्या मिनिटाचं. मी यादीत सहावं कारण घातलं: 'हात आत'. मामांनी ते चष्म्यातून दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला त्या थापेचा फार आनंद झाला होता. कुणाला विचारायला हवं होतं, हे मनातही आलं नाही.

तेव्हापासून मामांच्या रीतीत एक पायरी वाढली. "आदी घड्याल, मंग चावी, मंग ठोकला, मंग हात," असं ते इतरांनाही सांगू लागले. टॅब्लेट थांबवल्याने मशीन थांबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांचं म्हणणं असं की घड्याळ पळत असेल तर माणूस चावी फिरवायचा कंटाळा करतो, चावी नाही फिरवली तर ठोकळा कशाला म्हणतो, आणि मग उरतो नुसता हात. आज वाटतं, या सॉफ्टवेअरचा अर्थ आमच्या शॉपमध्ये एकट्या मामांना कळला होता. विकायला आलेल्या माणसालाही तो कळला नव्हता.

एका पाळीत तुकडा पंचवीस-तीस वेळा अडकायचा. तेवढ्या वेळा चार नंबरची पट्टी अर्धा-पाऊण मिनिट पिवळी व्हायची. बाकी सगळा टीव्ही हिरवागार आणि मामांची पट्टी अधूनमधून डोळे मिचकावतेय. लोक चिडवायचे, "मामा, तुमची बत्ती पिवळी झाली." मामा म्हणायचे, "लाल नाय ना झाली?"

हे असं दीडेक वर्ष चाललं. मग एक दिवस माल घेणाऱ्या कंपनीचे लोक पाहणीला आले. शॉपमधून फिरता फिरता त्यांच्यातल्या एका बाईंनी टीव्हीवरच्या पिवळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हे 'हात आत' म्हणजे काय?" साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग मी पाहिला. त्यांनी काहीतरी सारवासारव केली, पाहुण्यांना चहाला नेलं, आणि पाहुणे गेल्यावर मला केबिनमध्ये बोलावलं.

"कुणी घातलं हे?"

"मी सर. मामा म्हणाले म्हणून."

"मामा कंपनी चालवतात का? अरे, कागदावर आपल्याकडे कुणी डायमध्ये हात घालतच नाही. बोर्ड लावलाय आपण. आणि तू दिवसातून तीस वेळा लिहून दाखवतोयस की घालतात म्हणून! आत्ता काढ. आणि पुन्हा स्वतःच्या डोक्याने काही केलंस तर खाली जाऊन प्रेसवर बस."

मी काढलं. घालायला अर्धं मिनिट लागलं होतं, काढायला तेवढंही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ऑफिसच्या काचेपाशी येऊन उभे. "बाला, आपला कारन गेला कुटं?"

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. म्हणालो, "अपडेट आला मामा. त्यात गेलं."

"परत घाल की."

"आता नाही जमत. सिस्टीम बदलली."

"मंग मी कोनता दाबू?"

माझ्यामागे साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मामा तिथून लवकर जावेत एवढंच मला हवं होतं. चहाची वेळ ठरलेली, माल नाही म्हटलं तर स्टोअरवाले भांडतील, दुरुस्ती म्हटलं तर मेंटेनन्सवाले धावत येतील. मी म्हणालो, "बाथरूम दाबा. ते कुणी विचारत नाही."

मामांनी माझ्यावर विश्वास ठेवला. रोज, दर वेळी, न चुकता त्यांनी बाथरूम दाबलं आणि चावी फिरवली, ठोकळा ठेवला, हात आत घातला. खोटं काम त्यांना जमत नसे, पण हे मी सांगितलं होतं, आणि मी कम्प्युटरवाला.

दोनेक महिन्यांनी ऑफिसात नव्याने आलेल्या एका मॅडमनी सगळ्यांच्या पॉजची कारणं काढली. मामांच्या नावापुढे एका पाळीत बाथरूम अठ्ठावीस वेळा. मीटिंगमध्ये आधी हशा पिकला. मग साहेब गंभीर झाले. मॅडम खरंच काळजीने म्हणाल्या, या वयात हे चांगलं लक्षण नाही, शुगर असणार, असा माणूस प्रेसवर ठेवणं धोक्याचं आहे. मी त्या मीटिंगमध्ये होतो. माझ्यासमोर वही होती आणि मी तीत लिहून घेत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. 'ते बाथरूमला जात नाहीत, मीच सांगितलंय त्यांना.' माझ्या तोंडातून ते निघालं नाही. घरी मुलगी सहा महिन्यांची होती, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. आजही दुसरं सापडत नाही.

कंपनीच्या डॉक्टरांनी मामांना विचारलं, "दिवसातून किती वेळा जाता?" मामा म्हणाले, "कामावर? दोनदा." डॉक्टरांनी समोरचा कागद पुढे सरकवला. मामांनी तो वाचला, आणि नंतर मला समजलं त्याप्रमाणे एक शब्दही बोलले नाहीत. रक्त तपासलं, थोडी साखर निघाली. साठीकडे झुकलेल्या कुणाचंही रक्त तपासा, थोडी निघेलच. 'मशीनवर कामास अयोग्य' असा शिक्का बसला आणि मामांना पॅकिंगला बसवलं. खोक्यांना चिकटपट्टी लावायची.

मला वाटलं होतं, ते माझ्याकडे येतील, ओरडतील. आले नाहीत. शेवटी मीच पॅकिंगला गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण मामांनीच आधी तोंड उघडलं. पट्टी लावता लावता खाली मानेने म्हणाले, "डाक्टरला सांगितला असता तर तुजा नाव आला असता. ऱ्हाऊ दे. माजा एकच वरीस बाकी हाय, तुजी पुरी जिंदगी." मी तिथेच खोक्यांमध्ये उभा राहून रडलो. आणि रडून झाल्यावर, हे महत्त्वाचं आहे, वर जाऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसलो.

चार नंबरवर संगीता आली. कंत्राटातली, तुर्भ्याच्या आमच्याच वस्तीतली, पस्तिशीची, बोलायला चटपटीत. आधी पॅकिंगलाच होती, त्यामुळे मामांच्या हाताखाली महिनाभर बसलेली. मामांनी तिला सगळं तोंडपाठ करून घेतलं होतं आणि आपला ठोकळा तिच्या हवाली केला होता. पहिल्या दिवशी ती तो ठोकळा बगलेत मारून माझ्या काचेपाशी आली.

"दादा, मामा बोलतात आधी घड्याळ थांबवायचं. पण यात ते कारणच नाय. आमी कुठलं दाबायचं?"

पुन्हा तोच प्रश्न. मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती असं म्हणायचं तर म्हणा. मी म्हणालो, "घड्याळाला हात लावू नकोस. चालू राहू दे. चावी फिरव, ठोकळा ठेव, बास झालं."

"नक्की ना? नंतर टेन्शन नको."

"नक्की."

पहिला आठवडा तिने चावीही फिरवली आणि ठोकळाही ठेवला. घड्याळ पळत होतं. मग ठोकळा मशीनच्या पायाशी दिसू लागला. मग एक दिवस मी खाली गेलो तर चावी मशीनलाच लागलेली आणि तिचा हात आत. मी बघितलं. तिने माझ्याकडे बघून हसून मान हलवली. टीव्हीवर चार नंबरची पट्टी दिवसभर हिरवीगार राहू लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, टाळ्या वाजल्या. मामा टाळ्या न वाजवता निघून गेले. नळाशी मात्र ते अजून उभे असत. पॅकिंगची सुटी अर्धा तास आधी व्हायची, तरी थांबून राहायचे. संगीताचे हात ते दोनदा मोजायचे. "घड्याल थांबवतेस ना?" असं विचारायचे. ती म्हणायची, "हो मामा." मामांचं एक वरीस संपायला तेव्हा आठ महिने उरले होते.

बुधवार होता, दुपारचे अडीच-तीन. ओरडणं मला काचेतून ऐकू आलं. मी पोचलो तेव्हा चौघांनी तिला उचललं होतं आणि तिचा उजवा हात कुणाच्या तरी शर्टात गुंडाळलेला होता. दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं. सगळे गेटकडे धावले. मामाही पॅकिंगमधून धावत आले, पण ते गेटकडे न जाता सरळ भंगाराच्या डब्यापाशी गेले आणि खाली बसले. त्या वेळी मी मशीनपाशी एकटाच उभा होतो. टॅब्लेटवर पट्टी हिरवी होती. सेकंद पळत होते. तिचं काम चालूच होतं.

मी पॉज दाबला. टॅब्लेटने कारण विचारलं. चहा-जेवण, माल नाही, डाय बदल, मशीन दुरुस्ती, बाथरूम. कारण दिल्याशिवाय ते घड्याळ थांबत नाही, ते मीच तसं ठेवलेलं. माझ्यामागे मामा पत्र्याच्या तुकड्यांत हात घालून शोधत होते, तो आवाज येत होता. मी 'मशीन दुरुस्ती' दाबलं. नोंदीत अजून तसंच आहे.

चौकशी झाली. साहेबांनी माझ्याकडूनच अहवाल काढून घेतला. तीन महिन्यांत संगीताने काम चालू असताना एकदाही पॉज घेतलेला नव्हता. म्हणजे नियम धाब्यावर बसवून, बोर्ड लावलेला असताना, तिने चालू मशीनमध्ये हात घातला. सगळं सॉफ्टवेअरमध्ये मिनिटामिनिटाचं होतं. मी पानं छापली, टाचली आणि दिली. तिने कुणाला विचारून पॉज दाबणं सोडलं, हे सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. ते सांगू शकणारा मी एकटाच होतो आणि मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्या रविवारी मी हॉस्पिटलात गेलो. मामा आधीपासून तिच्या पलंगाशी बसले होते. त्यांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला होता, आठ महिने उरलेले असताना. संगीताने मामांकडे बघून, सवयीने असेल, दोन्ही हात चादरीवर पुढे केले. उजव्याचं नुसतं पांढरं बोचकं. मामा त्या हातांकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, पण आकडा बाहेर आला नाही. मग ती म्हणाली, "मामा, मी खोटं बोलत होते तुमच्याशी. घड्याळ नव्हते थांबवत मी." एवढंच म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही. समोर मी उभा असताना तिनेही घेतलं नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. मामा बाहेर आले तसा मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. अपडेट वगैरे काही नव्हता, कारण मी माझ्या हाताने काढलं. संगीताला घड्याळ थांबवू नको असं मीच सांगितलं. साहेबांना पानंही मीच छापून दिली. मामा भिंतीला टेकून ऐकत होते.

"अपडेटचा ठाव होता माना," ते म्हणाले. "तुज्या तोंडावर दिसला होता. तो मी सोडला. माजा मानूस म्हनून सोडला." मग खोलीच्या दाराकडे मान करून म्हणाले, "हिचा नव्हता ठाव."

मला काय झालं कोण जाणे, मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. नळाशी धरायचो तसे. बारा वर्षांची सवय. त्यांनी 'साडेनऊ, जा' एवढं म्हणावं, म्हणजे मला घरी जाता येईल, असं काहीसं मनात असेल.

मामांनी माझ्या हातांकडे पाहिलं नाही. स्वतःचे हात पाठीमागे घेतले. "माना नको दाखवू," ते म्हणाले. "आता तुजी तू मोज." आणि जिना उतरून गेले.

त्यांचं घर माझ्या बसच्या रस्त्यावर आहे. संध्याकाळी ते खालच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसतात, हात मांडीवर पालथे ठेवून. मी खिडकीतून बघतो, उतरत नाही.

'हात आत' मी पुन्हा यादीत घातलं आहे. त्या रविवारनंतर लगेच, कुणालाही न विचारता. साहेबांच्या लक्षात अजून आलेलं नाही, कारण ते कुणी दाबतच नाही. टीव्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत हिरवागार असतो. सुटीच्या वेळी मी खाली जातो आणि दाराशी नळापाशी उभा राहतो. लोक येतात, हात धुतात, माझ्याकडे न बघता हात झटकत निघून जातात. मी एकदाच एकाला म्हणालो होतो, "हात दाखव." तो म्हणाला, "तुमाला कशाला?"

सगळे गेल्यावर मी माझे हात धुतो आणि मोजतो.